गुहागरचा रेस्ट डे आणि काकांची सीट

पुणे ते गोवा सायकलने, तेही हायवे सोडून समुद्राच्या कडेकडेने, असा प्लॅन ठरला तेव्हा चौथ्या दिवशी गुहागरला रेस्ट डे ठेवायचा का यावर आमच्या ग्रुपमध्ये बराच वाद झाला होता. मी नको म्हणणाऱ्यांपैकी. सुट्टी आधीच मोजकी, त्यात एक अख्खा दिवस नुसतं बसायचं हे मला पटतच नव्हतं.

पहिल्या दिवशी ताम्हिणी उतरून माणगाववरून दिवेआगर, दुसऱ्या दिवशी बागमांडल्याला जेट्टी, म्हणजे खाडी ओलांडणारी फेरीबोट, पकडून वेसवी आणि मग केळशी, आंजर्ले करत हर्णै, तिसऱ्या दिवशी दाभोळची जेट्टी ओलांडून धोपावे आणि गुहागर. नकाशात किनारा सपाट वाटतो पण प्रत्येक खाडीला रस्ता पार पाण्यापर्यंत खाली जातो आणि पलीकडे उतरलं की तेवढंच सगळं परत चढायचं, त्यामुळे तिसऱ्या संध्याकाळी पाय अक्षरशः दगड झाले होते.

सवयीने पाचलाच जाग आली. ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या आजी म्हणाल्या, "आज निघायचं नाही ना रे, मग झोपा की." पण झोप कुणाला येतेय. घावने आणि खोबऱ्याची चटणी खाऊन सगळे अंगणात सायकली घेऊन बसलो. एका बाजूला सुपारी वाळत पडलेली, दोरीवर आमच्या पॅडवाल्या शॉर्ट्स. खाऱ्या हवेने तीनच दिवसात चेनवर तांबूस थर आला होता, तो जुन्या टूथब्रशने आणि डिझेलच्या फडक्याने काढायचा, कोरडं पुसायचं आणि मग एकेका कडीवर तेलाचा थेंब. ताम्हिणीच्या उतारावर ब्रेकपॅड पण चांगलेच झिजले होते, दोघांचे बदलले.

काकांची सायकल मी घेतली. काका ६१ वर्षांचे, रोज सगळ्यात शेवटी पोचायचे आणि आम्ही ते वयावर ढकलून मोकळे झालो होतो. पुसताना लक्षात आलं की सीटपोस्टवर, म्हणजे सीटखालच्या नळीवर, पुण्यात उंचीसाठी मारलेली मार्करची खूण दिसतच नाहीये. क्लॅम्प ढिला होऊन पोस्ट चांगली दोन बोटं आत गेली होती. सीट खाली गेली की प्रत्येक पेडलला गुडघा जास्त दुमडतो आणि सगळा ताण वाटीवर येतो. विचारलं, काका गुडघा दुखतोय का? आधी नाही म्हणाले. मग म्हणाले, पुढून दुखतोय, दुसऱ्या दिवसापासून, रात्री गोळी घेतो, तुमची सगळ्यांची लय तुटायला नको म्हणून बोललो नाही.

मला एकदम दाभोळची जेट्टी आठवली. काका कठड्याला टेकून गुडघा चोळत होते आणि मी फोटो काढत होतो, आणि वर त्यांनाच म्हणालो होतो, काका चला, होडी निघेल. तीन दिवस आम्ही एकत्र चाललोय असं मला वाटत होतं, खरं तर पुढचा आणि मागचा यांच्यात दहा-दहा किलोमीटर अंतर असायचं आणि रात्री जेवून सगळे आडवे.

सीट वर घेतली, क्लॅम्प घट्ट केला, काकांनी गावातल्याच खालचा पाट या भागापर्यंत एक चक्कर मारली आणि येताना चेहराच वेगळा होता. दुपारी कुळथाचं पिठलं आणि भात, मग ओसरीवर मस्त झोप. संध्याकाळी व्याडेश्वराला जाऊन किनाऱ्यावर बसलो तेव्हा पहिल्यांदाच एकमेकांना नीट विचारलं, कुणाला काय होतंय. एकीच्या तळहाताला मुंग्या येत होत्या, एकाला सीटच्या जागी फोड आला होता, कुणीच बोललं नव्हतं. तिथेच ठरलं, उद्यापासून काका पुढे, त्यांच्या वेगाने सगळे.

दुसऱ्या दिवशी हेदवीचे चढ आम्ही हळूहळू, पण सगळे एकत्र चढलो. तवसाळच्या जेट्टीला पोचेपर्यंत प्रत्येक थांब्यावर मी आधी काकांच्या सीटपोस्टकडे बघत होतो. खूण दिसत होती.