केसभर खाली

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी साइटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, एसीच्या पाइपांवर लावलेल्या आमच्या दाबाच्या गेजचा फोटो पडला. काट्याभोवती लाल गोल आणि खाली एवढंच: ‘काल 600, आज 565. लीकेज. तिसऱ्या मजल्याचं सिलिंग उघडा.’ मी द्वारका चौकात चहाचा पहिला घोट घेत होतो. तो तसाच ठेवून निघालो, कारण तेवढ्यात त्या फोटोवर मालकांचा अंगठा आला होता. मालकांचा अंगठा दिसला की पीओपीवाले हातोडी घेऊन शिडीवर चढायला वेळ लावत नाहीत.

खरं तर ते सिलिंग बंदच व्हायला नको होतं. प्रेशर टेस्ट पास झाल्याशिवाय पाइपवर काही झाकायचं नाही, हे प्रत्येक मीटिंगमध्ये ठरतं आणि प्रत्येक साइटवर पीओपीवाला आमच्या आधी मोकळा होतो. इथेही तिसऱ्या मजल्यावरच्या दोन इनडोर युनिटांखाली आदल्या संध्याकाळी बोर्ड मारून झाले होते. आम्ही तेव्हा गच्चीवर होतो.

मी एसीचं काम करतो, पण घरातल्या एकुलत्या एसीचं नाही. गच्चीवर एक आउटडोर, खाली चार मजल्यांवर मिळून चौदा इनडोर आणि मधे तांब्याच्या पाइपांचं जाळं, अशी व्हीआरएफ सिस्टीम आम्ही बसवतो. लोकांना वाटतं मशीन बसवणं हे काम. मशीन क्रेनने वर जातं, चार नट आवळले की बसतं. खरं काम जोडांचं. त्या नाशिकच्या इमारतीत इनडोरचेच 28 फ्लेअर (पाइपाचं तोंड पसरवून नटाने आवळलेले जोड) होते आणि ब्रेझिंगचे, म्हणजे धातू वितळवून सांधलेले, जोड शंभराच्या वर. त्यातला एक जरी पाझरला तरी वर्षभराने कोणीतरी म्हणणार, तुमच्या एसीला दम नाही.

म्हणून गॅस भरण्याआधी नायट्रोजन. राखाडी अंगाचा, काळ्या मानेचा सिलिंडर. (घाईत ऑक्सिजन लावणारे महाभाग अजून आहेत. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेलाचा ओशटपणा एकत्र आला की काय होतं ते सांगायला ते उरत नाहीत.) आधी 75 पीएसआय (दाबाचं माप), पाच मिनिटं कान देऊन उभं राहायचं. मग 220, पुन्हा पाच मिनिटं. मग 600 आणि 24 तास हात लावायचा नाही.

इथे माझी एक सवय सांगतो, जी मला कोणी शिकवली नाही. सिलिंडरचं पोट 47 लिटरचं. भरताना तो 150 बारवरून (एक बार म्हणजे साधारण साडेचौदा पीएसआय) 80 ला उतरला, म्हणजे 70 बार गेले. 47 गुणिले 70, साधारण 3300 लिटर नायट्रोजन. तो पाइपात 41 बारला जाऊन बसला, म्हणजे पाइपाची पोटातली जागा 80 लिटर. ड्रॉइंगवरून लांबी-व्यास घेऊन काढली तरी तेवढीच यायला हवी. 60 च आली, तर कुठली तरी फांदी भरलेलीच नाही, कुठे तरी पाइप चेपलाय किंवा जोडात ब्रेझिंगचा धातू जाऊन बसलाय, हे गेज लावल्याच्या दुसऱ्या मिनिटाला कळतं. आयटीआयच्या पुस्तकात हा बॉइलचा नियम (तापमान तेच, तर दाब गुणिले जागा तेवढीच) तीन ओळींत उरकलाय आणि खाली इंजेक्शनच्या सिरिंजचं चित्र. या कामाचं चित्र असतं तर आमच्या बॅचची अर्धी पोरं जागी राहिली असती.

असो. गच्चीवर पोचलो तर साहेब उभेच होते. साहेब म्हणजे मालकांच्या बाजूचे इंजिनिअर. माणूस वाईट नाही. पण फोटो काढून लाल गोल करण्यात त्यांचा दिवस जातो.

“काल दुपारी अडीचला 600 होतं,” ते म्हणाले.

“बरोबर.”

“मग?”

“साहेब, काल अडीचला ऊन किती होतं आणि आत्ता किती आहे?”

मार्च होता. नाशिकचा मार्च दुपारी भाजतो आणि पहाटे स्वेटर घालायला लावतो. भरताना मी पाइपाला तीन ठिकाणी क्लॅम्पचं थर्मामीटर लावलं होतं: गच्चीवर 39, शाफ्टमध्ये (पाइप खाली नेणाऱ्या उभ्या पोकळीत) 35, सिलिंगमध्ये 34. सरासरी 36 धरली होती. आता पोराला पाठवून पुन्हा लावलं (सिलिंगचं इनडोरच्या भोकातून हात घालून): 16, 21, 20. म्हणजे 19.

साहेबांना हे माहीत नव्हतं असं नाही. ते म्हणाले, “टेम्परेचर करेक्शन धरलंय मी. एका डिग्रीला 0.01 मेगापास्कल, म्हणजे दीड पीएसआय. 17 डिग्रीला 25. काटा 575 ला पाहिजे. वरचे दहा कुठे गेले?”

हा ठोकताळा कंपन्यांच्या मॅन्युअलमध्येच छापलेला असतो. चूक नाही, पण तो साधारण 30 बारला चपखल बसतो. आम्ही 41 बारला होतो. दाब जास्त, तर डिग्रीची किंमतही जास्त. मी पीओपीवाल्याचा उरलेला बोर्ड ओढला आणि पेन्सिलीने त्यावर मांडलं.

गेज शून्य दाखवतं तेव्हाही पाइपात वातावरणाचा दाब असतोच. समुद्रकाठी तो 14.7 पीएसआय, नाशिकला उंचीमुळे पावणेचौदाच्या आसपास. मी सरळ 14 धरतो. म्हणजे कालचा खरा दाब 614. तापमानात 273 मिळवायचे: काल 309, आज 292. बंद पाइपाची जागा बदलत नाही, वायू तेवढाच आहे, मग दाब तापमानाच्या प्रमाणात. 614 गुणिले 292, भागिले 309. उत्तर 580. त्यातले 14 वजा केले की काटा 566 ला यायला हवा.

काटा 565 ला होता.

ते 273 मिळवणं वाटतं तेवढं किरकोळ नाही. दुसऱ्या एका साइटवर सुपरवायझरने सेल्सिअसचेच आकडे घातले आणि रात्रीतून दाब निम्मा व्हायला हवा असं काढलं. तो झाला नाही म्हणून आमचं चांगलं गेज बदलायला लावलं. हा माणूस डिप्लोमा होल्डर होता, मी आयटीआय. असो, पुन्हा.

साहेबांनी बोर्डाचाही फोटो काढला. मोबाइलवर आकडेमोड करून बघितली, दोनदा. मग म्हणाले, “अडीचपर्यंत थांबू.” एवढं मान्य करायलाही मोठेपणा लागतो, आणि तो त्यांनी दाखवला. ग्रुपवर लिहिलं, ‘सिलिंग होल्ड.’ पीओपीवाला शिडीवरून उतरला आणि माझ्याकडे बघून हसला. खरं सांगायचं तर ते हसू मला आवडलं. आठवी-नववीपासून गणितात मार खाल्लेला माणूस मी. अवघ्या एका पीएसआयच्या फरकाने उत्तर आलं होतं, तेही पाच-सात जणांसमोर.

अडीच वाजता पुन्हा सगळे गच्चीवर. पाइप कालच्याइतकेच तापलेले, सरासरी 36. काटा चढत चढत 600 च्या रेघेवर येऊन बसला. साहेबांनी हात मिळवला.

आमचा हेल्पर गेजला नाक लावून बसला होता. एकोणीस वर्षांचं पोरगं, येवल्याकडचं, बोलायचं कमी. म्हणाला, “भाऊ, केसभर खाली आहे.”

“कशाच्या?”

“रेघेच्या. काल रेघेवर होता. आज केसभर खाली.”

माझ्या गेजवर एक रेघ दहा पीएसआयची. त्यातला केस म्हणजे किती? एक? अर्धा डिग्रीचा फरक पडला तरी एक पीएसआय हलतो, आणि माझं थर्मामीटर अर्ध्या डिग्रीला कुठे खात्रीचं होतं. मी त्याला हे सगळं समजावून सांगितलं, जरा मोठ्याने, साहेबांना ऐकू जाईल असं.

तो म्हणाला, “भाऊ, ते चार फ्लेअर राहिलेत ना. साबण लावायचे. एकेक बोर्ड काढू का?”

साबण म्हणजे भांड्यांच्या लिक्विडचं पाणी, ब्रशने जोडावर फासायचं आणि फेसाची वाट बघायची. 28 पैकी 24 फ्लेअरना आम्ही तो लावला होता. उरलेले चार तिसऱ्या मजल्यावर, बंद सिलिंगच्या आत. थर्मामीटरसाठी हात जात होता, पण नटाच्या पाठीमागे बघता येत नव्हतं.

म्हणजे सकाळपासून ज्या सिलिंगला हात लावू नका म्हणून मी सगळ्यांना गणित शिकवलं, तेच दुपारी मीच उघडा म्हणायचं. मी म्हणालो, “गेजने सांगितलंय ना, पास आहे.” त्याने ब्रश डब्यात ठेवला.

मी सही केली. नायट्रोजन सोडला, व्हॅक्यूम केला, एप्रिलमध्ये वजनावर 19 किलो आर-410ए गॅस भरला.

या मार्चमध्ये, अकरा महिन्यांनी, तिसऱ्या मजल्यावरून तक्रार आली. थंडावा नाही. सगळा गॅस काढून वजन केला तर 15 किलो. चार किलो हवेत गेला होता. हा गॅस हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या दोन हजार पटींहून जड पडतो, म्हणजे चार किलोचे आठ टनांवर झाले. कुठल्याही बिलात हे येत नाही, म्हणून कोणी बोलत नाही. सिलिंगचा बोर्ड काढला, आउटडोरचे व्हॉल्व्ह बंद ठेवून नायट्रोजन भरला, साबण फासला. त्या चारातल्याच एका नटाच्या मागच्या बाजूला फेस असा फुगत होता, जसा भाताच्या पातेल्याला येतो. नट सोडून बघितलं, फ्लेअरच्या तोंडावर नखाला लागेल अशी बारीक चर. रीमरने कड साफ करताना कीस मधे राहिला असणार. तो फ्लेअर मी मारला होता की पोराने, आता आठवत नाही.

त्या रात्री मी पुन्हा हिशोब मांडला. सकाळी सात ते दुपारी अडीच, दोन्ही आकडे. दिवसाला एक पीएसआय गेला असं धरलं, तर 80 लिटरच्या पोटातून रोज साडेपाच लिटर नायट्रोजन बाहेर. साबणापासून हे लपणं शक्यच नव्हतं, आणि गेजला दिसणं जवळपास अशक्य होतं. 24 तासांची टेस्ट, 41 बार, माझी 614 गुणिले 292, हे सगळं भांड्यांच्या साबणापेक्षा आंधळं निघालं.

बहीण ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. तिला तो बोर्डाचा फोटो दाखवला. ती म्हणाली, हे गणित आदर्श वायूचं आहे, 41 बारला नायट्रोजन तसा राहत नाही, तेवढ्याच थंडीला तो आणखी दोन-तीन पीएसआय उतरायला हवा. म्हणजे गळती नसतानाही काटा 563 च्या आसपास पाहिजे होता. मग 565 कसा आला? माझी तापमानाची सरासरी एखाद डिग्रीने चुकली असणार, गच्चीचा तुकडा आणि शाफ्टचा तुकडा मी सारखा धरला होता. गळतीने खाली ओढलं, माझ्या चुकीने वर ढकललं, आणि मधे 566 शी जुळणारा 565 तयार झाला. दहाच्या रेघांच्या गेजवर एक पीएसआयने जुळलं, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. मी मात्र पेन्सिल कानावर ठेवून हसत होतो.

आणि साहेब. त्यांचा ठोकताळा चुकीचा होता, दहा पीएसआय कुठेच गेले नव्हते, सिलिंग उघडायला त्यांच्याकडे एकही बरोबर कारण नव्हतं. आणि सिलिंग उघडायलाच हवं होतं. ते आता दुसऱ्या प्रोजेक्टवर आहेत. त्यांना मी अजून कळवलेलं नाही.

पोरगं आता चाकणला एका कारखान्यात चिलरवर आहे. त्याला कापलेल्या फ्लेअरचा फोटो पाठवला, चरीवर लाल गोल करून. दोन तासांनी त्याचा मेसेज आला: ‘भाऊ हे कुठल्या साइटचं?’