ओव्हरटाइमचा हिशोब कोणी ठेवायचा?
अमेरिकेत ओव्हरटाइम बुडवला म्हणून कामगार कोर्टात गेले की कंपनीचं पहिलं वाक्य ठरलेलं, पुरावा दाखवा. अरे पण तासांचं रेकॉर्ड ठेवायचं काम तुमचं ना! १९४६ च्या माउंट क्लेमेन्स पॉटरी केसमध्ये सुप्रीम कोर्टाने हेच धरलं, रेकॉर्ड नीट नसेल तर कामगाराचा वाजवी अंदाज चालेल, खोडून काढायचा तर मालकाने काढावा. त्यामुळे डायरीत रोज आत ६:४०, बाहेर ५:२५ एवढं खरडलेलं असलं तरी वकील खूश. आठवड्याला ४० तासांवर दीडपट पगार हा कायदा १९३८ चा, बुडवलेले पैसे दुप्पटही मिळू शकतात. दावा करायची मुदत मात्र २ वर्षं, मुद्दाम बुडवले असतील तर ३, म्हणजे साहेब 'बघू पुढच्या महिन्यात' करत बसला की जुने आठवडे एकेक करून गेलेच.