पेळू कुठाय?

जुन्या बाजारात घासाघीस करताना चेहऱ्यावर आनंद दिसू द्यायचा नसतो. हे मला पक्कं ठाऊक आहे आणि कधीच जमत नाही. गेल्या महिन्यात एका रविवारी नळाच्या तोट्या, गंजके पाने आणि बिनकाट्यांचं एक घड्याळ यांच्या गर्दीत ती फ्रेम दिसली आणि माझा चेहरा फितूर झाला. विकणाऱ्यानं तो बरोबर वाचला. "ताई, ओरिजनल हाय. बंगल्यातनं आलंय." पाचशेवरून गाडी साडेतीनशेला थांबली. रिक्षात मी फ्रेम मांडीवर आडवी घेऊन बसले, खड्डा आला की हातानं सावरत.

फोटो तुमच्याही ओळखीचा आहे. पुढे चरख्याचं मोठं चाक, त्याच्यामागे गादीवर बसलेले उघडे गांधीजी, नाकावर चष्मा, खिडकीतून आलेला उजेड. 'लाइफ' या अमेरिकन मासिकाच्या मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी तो १९४६ साली काढला, आणि तोही आमच्या पुण्यात. तेव्हा गांधीजी पुण्यात आले की डॉ. दिनशा मेहतांच्या निसर्गोपचार केंद्रात उतरायचे. ताडीवाला रोडवरच्या त्या वास्तूवरून मी शंभरदा गेले असेन, बहुतेक वेळा गाडी चुकेल या धास्तीत.

या बाई काही साध्यासुध्या नव्हत्या. १९३६ साली 'लाइफ'चा पहिला अंक निघाला, त्याच्या मुखपृष्ठावर यांचाच फोटो होता, एका धरणाचा. पण गांधीजींच्या दारात त्यांना अडवलं गेलं. चिटणिसांनी विचारलं, सूत कातता येतं का? येत नसेल तर आधी शिका, मग फोटो. शिकल्या बिचाऱ्या. त्यात वार सोमवार, म्हणजे गांधीजींचं मौन, त्यामुळे बोलायचं नाही. झगझगीत उजेड त्यांना आवडत नसे, म्हणून फ्लॅशचे बल्ब तीनच. पहिला उडाला तो शटरशी जुळलाच नाही. दुसऱ्या वेळी बाई कॅमेऱ्यातली फिल्मपुढची पट्टी काढायलाच विसरल्या. तिसरा साधला. गॅसवर दूध ठेवून विसरणाऱ्या माझ्यासारखीला हे वाचून किती बरं वाटलं, विचारू नका. पुढे गांधीजी त्यांना थट्टेनं 'छळणारी' म्हणत. आणि याच बाईंनी ३० जानेवारी १९४८ ला, हत्येच्या काही तास आधी, त्यांची मुलाखत घेतली.

तर माझा 'ओरिजनल'. संग्राहक लोक जुना प्रिंट कसा ओळखतात, हे मी आल्या आल्या वाचून काढलं. निगेटिव्ह तयार झाल्यावर लगेच, त्याच काळात काढलेला प्रिंट तो खरा मोलाचा. त्याच निगेटिव्हवरून पुढे काढलेल्यांना तो भाव नाही. जुन्या प्रिंटच्या काळ्या भागात कडेला कागदातली चांदी वर येऊन निळसर चमकते. मागे शिक्के असतात. आणि सगळ्यात भारी म्हणजे, १९५०च्या दशकाच्या मध्यापासून फोटोच्या कागदात पांढरेपणासाठी एक द्रव्य घालू लागले, कपड्यांच्या पावडरीत असतं त्याच जातीचं. अतिनील दिव्याखाली असा कागद लख्ख उजळतो. म्हणजे उजळला नाही, तर जुना असायला वाव आहे.

अतिनील दिवा आमच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात आहे, नोटा तपासायचा. दुकानदारानं पाचशेच्या नोटा बाजूला सारून गांधीजींना दिव्याखाली घेतलं. (नोटेवर तेच आहेत, हे त्याच्याही लक्षात आलं, पण आम्ही दोघं गंभीर राहिलो.) कागद उजळला नाही. ढिम्म. मी दोन किलो साखर उगाचच घेतली.

घरी आईनं फ्रेम हातात घेतली. तिनं शाळेत टकळीवर सूत कातलंय. तासाला सूत तुटलं की बाई हातावर पट्टी मारायच्या. ती फोटोकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "पेळू कुठाय?"

"काय?"

"अगं, कातायला हातात कापसाचा पेळू नको? एक हात चाकाला, एक हात पेळूला. यांच्या हातात कागद आहेत. हे वाचताहेत."

मी भिंग आणलं. खरंच की! गांधीजी कात्रणं वाचत बसलेत आणि चरखा पुढे नुसता उभा आहे. इतकी वर्षं मी याला 'सूत कातणारे गांधीजी' म्हणत आले. पाठ्यपुस्तकानं सांगितलं, चरखा दिसला, पुढचं डोळ्यांनी आपलं आपण भरून घेतलं. ज्या बाईंना कातायला शिकल्याशिवाय कॅमेरा उघडू दिला नाही, त्यांचं सगळ्यात गाजलेलं चित्र कातण्याचं नाहीच.

आणि भिंग हातात होतंच, म्हणून दुसरंही दिसलं. गांधीजींच्या खांद्यावर ठिपके. चाकावर ठिपके. ओळीनं, रांगोळीच्या कागदासारखे. हा फोटोच नव्हता, ब्लॉक करून ठिपक्याठिपक्यांनी छापलेलं मासिकाचं पान होतं. मागचे खिळे उपसून पुठ्ठा काढला, तर पाठीवर केसांच्या तेलाची अर्धी जाहिरात. बाईचा अंबाडा आहे, चेहरा कात्रीत गेलाय. किराण्याच्या दिव्यानं खोटं सांगितलं नव्हतं, पान जुनंच असणार. मीच त्याला भलतं विचारलं होतं.

कुणीतरी हे पान सरळ रेषेत कापलं होतं. डाव्या कडेला पेन्सिलीची खूण अजून आहे. मग काच घातली, बारा खिळे मोजून मारले. काढताना मीच मोजले. साडेतीनशेचं दुःख जरा हलकं झालं.

"काय वाचत असतील गं?" आई म्हणाली आणि माझ्या हातून भिंग घेतलं. कात्रणावर नेलं, डोळ्याजवळ आणलं, लांब धरलं, खिडकीशी गेली. तिथेही ठिपकेच. तरी चहा निवेपर्यंत ती तशीच उभी होती.