लिडनीचा ब्राँझचा हात

इंग्लंडमधल्या लिडनी पार्कला लोक येतात ते फुलं बघायला. वसंतात थोडेच आठवडे बाग उघडी असते, ऱ्होडोडेंड्रॉन, मॅग्नोलिया सगळं एकदम फुललेलं, मग चहा नि केक. ग्लॉस्टरहून येताना ट्रेनचा जो घोळ झाला त्यात अख्खी सकाळ गेली, त्यावर लिहीत बसत नाही. मला लिहायचंय ते तिथल्या छोट्या म्युझियममधल्या एका हाताबद्दल.

हात ब्राँझचा. मागच्या टेकडीवरच्या रोमन देवळात नोडेन्स या देवाला कोणीतरी वाहिलेला. पहिल्यांदा काही विशेष वाटत नाही, पण नखं बघा. मधे खोलगट, कडा वर आलेल्या, चमच्यासारखी. मी रक्ताच्या लॅबमधे काम करते, अशी नखं म्हणजे बहुतेकदा अंगात लोह कमी, हे आम्हाला पहिल्या वर्षीच शिकवतात. ओतकाम करणाऱ्याला साधी गुळगुळीत नखं करणं कितीतरी सोपं होतं. म्हणजे कोणीतरी त्याच्यासमोर आपला हात धरून सांगितलं असणार, नखं अशीच कर, देवाला नीट कळायला हवं काय होतंय ते. दमायला होत असेल, चढ चढताना धाप लागत असेल, आणि तरी ते माणूस ही टेकडी चढून आलं. माझ्या मागून लोक येत होते, जात होते, मी काही तिथून हलले नाही.

आमच्याकडे सिंधुदुर्गात देवाला गाऱ्हाणं घालतात ना, नाव, गाव, दुखणं सगळं फोड करून सांगतात, तसंच आहे हे. फक्त धातूत.

मग टेकडीवर गेले. वर गर्दी अजिबात नाही, सगळे खाली फुलांत. आता भिंतींचे पायेच उरलेत, पण चौथ्या शतकात इथे देऊळ, स्नानगृह, यात्रेकरूंसाठी मोठी धर्मशाळा असं सगळं गजबजलेलं होतं. १९२८-२९ मधे मॉर्टिमर आणि टेसा व्हीलर या नवरा-बायकोने इथे खोदकाम केलं. ओळीने खोल्या असलेली एक लांब इमारत आहे, तिथे आजारी माणसं रात्री झोपायची, देव स्वप्नात येऊन उपाय सांगेल म्हणून, असं व्हीलरांचं मत. डोळ्याच्या औषधावर मारायचा शिक्काही इथे मिळालाय. आणि कुत्रे! नऊ कुत्र्यांच्या मूर्ती सापडल्यात, त्यातला मान वळवून मागे बघणारा ब्राँझचा कुत्रा फार गोड आहे. कुत्र्याने चाटलं की जखम बरी होते अशी समजूत होती म्हणे. या टेकडीत रोमन काळातली लोखंडाची खाणही आहे. लोह कमी पडलेलं माणूस लोखंडाच्या डोंगरावर आलं, हा विचार उतरेपर्यंत डोक्यातून गेला नाही.

मॉर्टिमर व्हीलर म्हणजे तेच, जे १९४४ मधे आपल्या पुरातत्त्व खात्याचे महासंचालक झाले आणि पुदुच्चेरीजवळच्या अरिकमेडूला रोमन व्यापाराचे पुरावे खणून काढले. नोडेन्सचा समुद्राशी संबंध दिसतो, देवळातल्या फरशीच्या चित्रात समुद्रातले प्राणी होते, आणि मला लगेच कोल्हापूरच्या टाउन हॉल म्युझियममधला ब्रह्मपुरीला सापडलेला पोसायडन, म्हणजे ग्रीकांचा समुद्रदेव, आठवला. कोल्हापूरला गेलात तर अंबाबाई, रंकाळा झाला की तो बघाच, कोणी सांगतच नाही लोकांना.

अजून एक राहिलं. शिशाच्या पत्र्यावर लिहिलेला शाप. सिल्व्हियानस नावाच्या माणसाची अंगठी हरवली, त्याने नोडेन्सला निम्मी किंमत कबूल केली, आणि ज्यांचं नाव सेनिसियानस आहे त्यांना अंगठी देवळात आणून देईपर्यंत निरोगी राहू देऊ नकोस म्हणून मागणं केलं. संशय कोणावर ते सरळ नाव घेऊन. नंतर त्याच पत्र्यावर अजून एक शब्द कोरलाय, शाप परत चालू केला अशा अर्थाचा. म्हणजे पहिल्या वेळेला काही अंगठी मिळाली नव्हती.

१७८५ मधे सिल्चेस्टरजवळच्या शेतात सेनिसियानसचं नाव कोरलेली सोन्याची अंगठी सापडली, आता हॅम्पशरमधल्या द व्हाइन या जुन्या वाड्यात ठेवलीय. तीच ही अंगठी असं सिद्ध झालेलं नाही. पण मी पूर्णपणे सिल्व्हियानसच्या बाजूने आहे, आणि या उन्हाळ्यात ती बघायला जाणार म्हणजे जाणार.