हिरव्या माथ्याचा दगड

कडेच्या दगडाचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग आणि हिरवा असेल तर राज्यमार्ग, हे लहानपणी एस.टी.च्या खिडकीतून दगड मोजता मोजता वडिलांनी मला सांगितले होते. तेव्हापासून नाशिक–दिंडोरी–वणी हा रस्ता माझ्या लेखी हिरव्या माथ्यांचाच राहिला. सरकारदरबारी त्याला क्रमांक आहे, परंतु तो उच्चारून पत्ता विचारणारा माणूस मला अद्याप भेटलेला नाही. पंचवटीतल्या नाक्यावर तो ‘दिंडोरी रोड’ असतो, दिंडोरी सोडताच ‘वणी रोड’ होतो आणि परतताना ‘नाशिकचा रस्ता’. त्याला ‘नाशिक रोड’ म्हणण्याची सोय नाही, कारण ते नाव रेल्वे स्टेशनाने कधीच पटकावले आहे.

म्हसरूळची चांभार लेणी मागे पडली की डावीकडे रामशेज दिसू लागतो. संभाजी महाराजांच्या काळात मोगलांच्या फौजेला पाचेक वर्षे झुंजवणारा हा किल्ला दिसायला इतका बुटका आहे, की पाहुण्यांना ती हकीकत पटवून देताना माझाच आवाज उगाच चढतो. पुढचा मुलूख तर लढाईचाच. सुरतेची दुसरी लूट घेऊन बागलाणातून परतणाऱ्या शिवाजी महाराजांना मोगल सरदार दाऊदखानाने याच वणी-दिंडोरीच्या परिसरात गाठले आणि 17 ऑक्टोबर 1670 रोजी उघड्या मैदानात त्याचा पराभव झाला. गनिमी काव्याच्या गोष्टींवर वाढलेल्या आपल्या मनाला ही समोरासमोरची लढाई फारशी आठवत नाही, आणि रस्त्यावरून जाणाऱ्यालाही ती आठवावी असे येथे काही दिसत नाही. दिसतात त्या द्राक्षबागा, आणि हंगामात टोमॅटोच्या क्रेटांनी लादलेल्या पिकअप.

या वाटेवर ओझ्याशिवाय कोणी चालले नसावे, असे मला वाटते. कोजागरीच्या सुमारास कावडी घेऊन निघालेले भाविक गोदावरीचे पाणी सप्तशृंगीच्या अभिषेकासाठी गडावर नेतात. वाटेत ते कादवा ओलांडतात. ही कादवा पुढे नांदूर मध्यमेश्वरला गोदावरीलाच मिळते. म्हणजे ज्या नदीचे पाणी खांद्यावर, तिच्याच लेकीच्या पुलावरून त्यांची पावले पडतात. वणीच्या अलीकडे ओझरखेड धरणाचा जलाशय लागतो, तेथवर पोहोचेतो पायांना फोड आलेले असतात, पण खांद्यावरची कावड डळमळत नाही.

अलीकडे रुंदीकरणात बरेच दगड उखडले गेले. त्यांतला एक मला लखमापूर फाट्याच्या पुढे चहाच्या टपरीपाशी आडवा पडलेला दिसला. त्याचा हिरवा रंग पोपडे धरून होता, ‘वणी’ ही अक्षरे शाबूत होती आणि अंतराचा आकडा मातीत गेला होता. दोन कावडकरी त्यावर बसून चहा घेत होते, आणि तिसरा कावड जमिनीला टेकू नये म्हणून ती खांद्यावर घेऊन आपल्या पाळीची वाट पाहत उभा होता.