"होईल रे" म्हणायचं मी सोडलंय

गेल्या आठ-नऊ वर्षांत मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न म्हणजे, "ताई, अजून एक अटेम्प्ट देऊ का?" मी स्पर्धा परीक्षेच्या तयारीत पुण्यात नवी पेठेत पाच वर्षं काढली, राज्यसेवेची मुख्य परीक्षा दोनदा दिली, दोन्ही वेळा मुलाखतीच्या यादीत नाव आलं नाही आणि शेवटी कर सहायक म्हणून लागले. गावाकडे मी म्हणजे "एमपीएससी झालेली", त्यामुळे ज्याच्या घरात कुणी तयारी करतंय तो माझा नंबर घेतोच. लग्नात विचारतात, दहाव्याला विचारतात, एकदा तर एसटीत उभ्या उभ्या एका काकांनी पोराला फोन लावून माझ्या कानाला लावला होता.

आणि बरीच वर्षं माझं उत्तर ठरलेलं होतं. होईल रे, थोडक्यात गेलंय, कर अजून एकदा मन लावून.

हे मी प्रेमानेच म्हणायचे, त्याबद्दल मला शंका नाही. समोरच्याचा चेहरा उतरलेला बघवत नाही, वरून त्याची आई शेजारी चहाचा ट्रे घेऊन उभी असते, अशा वेळी तोंडातून दुसरं काय निघणार. पण २०१९ च्या दिवाळीत आमच्या गल्लीतला एक मुलगा असाच भेटला, कम्बाइनची, म्हणजे पीएसआयसारख्या पदांच्या संयुक्त परीक्षेची, पूर्व तिसऱ्यांदा गेलेली, आणि त्याने मला मार्क सांगितले होते, मला अजून आठवतात, तिन्ही वेळा कट ऑफच्या बारा-चौदा मार्क खाली. शंभर मार्कांच्या पेपरात बारा-चौदा म्हणजे थोडक्यात नसतं हे मला तेव्हाही कळत होतं, ज्याने तो पेपर दिलाय त्या कुणालाही कळतं. तरी मी म्हणाले, "होईल रे."

पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीतच आहे, कोरोना आला. राज्यसेवेची पूर्व जी ५ एप्रिल २०२० ला होणार होती ती पुढे ढकलत ढकलत शेवटी २१ मार्च २०२१ ला झाली, तीही त्याआधी १४ मार्चची तारीख ऐन तोंडावर रद्द केली म्हणून पोरं पुण्यात शास्त्री रोडवर आंदोलनाला उतरली तेव्हा. बाकीच्या परीक्षांचंही तसंच लांबत गेलं. त्या मुलाचा एक अटेम्प्ट म्हणजे दोन वर्षं झाली. पेठेतल्या कॉटचं भाडं, मेस, अभ्यासिकेची फी हे सगळं गावाकडून यायचं. २०२३ मध्ये एका लग्नात त्याचे वडील भेटले, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, पंगतीत माझ्या शेजारीच बसले होते. इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि मग ताटाकडे बघतच म्हणाले, "तू म्हणालीस होईल, म्हणून ठेवला त्याला तिथं."

आवाज चढवला नाही, दोष दिला नाही, फक्त सांगितलं. मला त्यानंतर घास गिळला नाही. माझ्या दृष्टीने ते दोन मिनिटांचं गोड बोलणं होतं, त्यांनी त्याच्यावर घरातला पैसा लावला होता. आपल्याकडे म्हणतात ना भीड भिकेची बहीण, पण इथे भीड माझी होती आणि भोगलं त्यांनी.

मग मी दुसऱ्या टोकाला गेले, आणि ते जास्त लाजिरवाणं आहे. ठरवलं की आता आडपडदा नाही, जे आहे ते तोंडावर सांगायचं, एक घाव दोन तुकडे. ऑफिसमधल्या एका मैत्रिणीच्या भाचीचा फोन आला, संध्याकाळी सातच्या सुमारास, मी भाजी चिरत होते, फोन स्पीकरवर. तिने मार्क सांगितले, मी दोन-चार प्रश्न विचारले आणि पाच मिनिटांत सांगून टाकलं की हे बघ, या मार्कांवर तुझं होणार नाही, वय वाढवू नकोस, सोड आणि नोकरी बघ. ती "बरं ताई" म्हणाली. मला वाटलं बघा, किती सोपं असतं खरं बोलणं.

नंतर कळलं की रिझल्ट त्याच दिवशी दुपारी लागला होता. तिने अजून आईलासुद्धा सांगितलं नव्हतं, पहिला फोन मला केला होता. आणि स्पीकरवर माझ्या सासूबाई आणि घरी आलेली शेजारीण दोघींनी ते ऐकलं, ते तिला पलीकडून कळलं असणारच. तिने परीक्षा सोडली नाही. तिने फक्त मला सांगणं सोडलं, मग मावशीला सांगणं सोडलं, पुढचा फॉर्म कुणालाही न सांगता भरला. माझा हिशोब अजूनही बरोबर होता असं मला वाटतं, पण बरोबर असून उपयोग काय झाला. तिच्या आजूबाजूला खरं सांगू शकेल असं एक माणूस होतं, तेही गेलं.

"मी फार स्पष्ट बोलते बाई, मला नाही जमत गोड गोड" असं अभिमानाने सांगणारी माणसं प्रत्येक घरात असतात. मी वर्षभर तशी होते म्हणून सांगते, त्यात आपल्याला फार हलकं वाटतं, मनातलं ओकून टाकलं की आपलं काम संपतं आणि फोन ठेवता येतो. "होईल रे" म्हटल्यावरही फोन ठेवताच येत होता.

आता या मे महिन्यात काय झालं ते सांगते. माझा मामेभाऊ आला होता, सव्वीस वर्षांचा, इंजिनिअरिंग करून तयारीला लागलेला, कम्बाइनच्या तीन पूर्व झालेल्या. त्याला पीएसआय व्हायचंय. तिथे खुल्या गटाला एरवी ३१ ची वयोमर्यादा आहे म्हणजे हातात वर्षं तशी मोजकीच. मामीनेच पाठवलं होतं, फोनवर मला म्हणाली, "तूच सांग त्याला काय ते, आमचं ऐकत नाही."

मी त्याला आधीच सांगितलं होतं की येताना तिन्ही उत्तरपत्रिकांच्या कार्बन कॉपी घेऊन ये. ज्यांनी एमपीएससी दिली नाही त्यांच्यासाठी सांगते, पेपर झाल्यावर उत्तरपत्रिकेची एक प्रत उमेदवाराला मिळते, आणि आयोग नंतर अंतिम उत्तरतालिका टाकतो, म्हणजे आपलं आपल्याला एकेक प्रश्न तपासता येतो. बहुतेक पोरं एकदाच स्कोअर काढतात, कट ऑफशी ताडून बघतात आणि ती कॉपी फाइलमध्ये टाकून देतात. पुन्हा उघडत नाहीत, कारण दुखतं.

दुपारी जेवणं झाल्यावर आम्ही दोघंच आतल्या खोलीत बसलो. फोन बाहेर ठेवला. मी सवयीने लाल पेन घेतलं होतं, पहिल्या पानावर टेकवलं आणि त्याने मान अशी किंचित मागे घेतली की मी ते पेन बाजूला ठेवून मुलीच्या कंपासमधून शिसपेन्सिल आणली. मग पट्टी लावून एकेक ओळ. कार्बनचे गोल पुसट झालेले, काही ठिकाणी खिडकीशी धरून बघावं लागलं. दीड तास लागला. मी काही बोलत नव्हते, उत्तर तो वाचायचा, खूण मी करायचे.

निघालं ते असं. पहिल्या वर्षी १०० पैकी ९७ प्रश्न सोडवलेले, ५३ बरोबर, ४४ चूक. चार चुकांना एक मार्क जातो, म्हणजे ११ गेले, हातात ४२. दुसऱ्या वर्षी ९५ सोडवले, ५१ बरोबर, ४४ चूक, हातात ४०. तिसऱ्या वर्षी ९४, त्यातले ५४ बरोबर, ४० चूक, हातात ४४. तिन्ही वर्षं कट ऑफ याच्या बराच वर.

तोच म्हणाला, "ताई, मी तिथंच आहे ना."

मी म्हणाले, हो. तीन वर्षं तिथंच आहेस. आणि असंच चालू राहिलं तर पुढची पूर्वही निघणार नाही.

हे वाक्य मी मुद्दाम पूर्ण म्हटलं, "बघ हां, म्हणजे मला वाटतं कदाचित" असलं काही त्याच्या पुढेमागे लावलं नाही. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नसतो, तो एवढ्या लांबून आलाय, त्याला उत्तर हवंय. तो बराच वेळ गप्प होता. चहा आणला होता त्यावर साय आली. मला फार वाटत होतं की काहीतरी चांगलं बोलावं, जाऊ दे रे, आयुष्य खूप मोठंय वगैरे, आणि मी जीभ आवरली. त्याला तो आकडा पचवायला तेवढा वेळ लागणारच होता.

मग आम्ही चुकलेल्या प्रश्नांना लागलो, आणि खरं काम तिथे झालं. तिसऱ्या वर्षीच्या ४० चुकांपुढे त्याला विचारत गेले, हे येत होतं का, अर्धवट येत होतं की ठोकलं? २६ ठोकलेले निघाले. गणित-बुद्धिमत्ता शेवटी घ्यायचा आणि वेळ संपत आली की डोळे मिटून गोल करायचा, इंजिनिअर मुलगा! तासाभरात शंभर प्रश्न असतात, शेवटची दहा मिनिटं माणूस काय करतो ते त्याचं त्यालाच नंतर आठवत नाही. हे त्याला क्लासमध्ये कुणी विचारलं नव्हतं, कारण क्लासमध्ये एका बॅचला शेकड्यांनी पोरं असतात.

एक गोष्ट मला इथे सांगायचीच आहे. "लाखात एक निवडला जातो" टाइपचे आकडे आपण पोरांच्या तोंडावर फेकतो ना, ते सांगून काही होत नाही. यूपीएससीच्या २०२३ च्या परीक्षेला दहा लाखांवर अर्ज आले होते, पूर्वला प्रत्यक्ष बसले ५ लाख ९२ हजार, शेवटच्या यादीत १०१६. हे पोरांना तोंडपाठ असतं, आपल्यापेक्षा जास्त पाठ असतं, आणि त्या १०१६ मध्ये मी असेन असं प्रत्येकाला वाटतं, वाटायलाही हवं, नाहीतर अभ्यासच होणार नाही. तो आकडा कुणाचाच नसतो. त्याच्या तीन पिवळट कागदांवरचा ४२, ४० आणि ४४ मात्र त्याचा स्वतःचा होता.

आणि जे त्याचं नव्हतं तेही मी वेगळं काढून सांगितलं. परीक्षा पुढे गेल्या, जाहिराती उशिरा आल्या, ऑगस्ट २०२४ ची राज्यसेवा पूर्व बँकेच्या परीक्षेच्या दिवशीच आली म्हणून पुन्हा आंदोलन आणि ती थेट डिसेंबरात झाली. यात गेलेले महिने त्याच्या आळसाच्या खात्यावर टाकणं हा अन्याय आहे आणि घरचे नेमकं तेच करतात, "चार वर्षं नुसता बसलाय." हे ऐकताना त्याचे डोळे भरले, मार्कांच्या वेळी भरले नव्हते.

एवढ्यात मामीचा फोन आलाच, काय ठरलं म्हणून. मी म्हटलं, मामी, आम्ही बसलोय अजून, मग करते. आईबापासमोर, पाव्हण्यांसमोर हे बोलायचं नाही एवढं मी आता काटेकोर पाळते. आणि निकालाच्या दिवशी तर नाहीच, त्या दिवशी फक्त जेवलास का विचारायचं.

मला स्वतःला हे कुणी शिकवलं असेल तर माझ्या रूममेटने. माझी दुसरी मुख्य गेली तेव्हा ती पंधरा दिवस एक शब्द बोलली नाही, डबा तेवढा आणून ठेवायची. मग एके दिवशी टायपिंग क्लासचा फॉर्म आणून पुढ्यात ठेवला. म्हणाली, "तुझे वर्णनात्मक पेपर कच्चे आहेत आणि ते दोन वर्षांत सुधारलेले नाहीत, पण कर सहायकला टायपिंग मिनिटाला मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्द लागतं, ते तुला सहा महिन्यांत येईल, उद्यापासून मी पण येते." आणि आली, तिला गरज नव्हती तरी. मी तिच्यावर आठवडाभर चिडून होते. आज घरात पगार येतो तो त्या फॉर्ममुळे.

तर मामेभावाचं अजून काही पक्कं ठरलेलं नाही. एक पूर्व द्यायची, पण ठोकाठोकी बंद करून, आणि जूनपासून टायपिंग लावायचं, पूर्व गेली तर लिपिक आणि कर सहायकवर पूर्ण जोर द्यायचा, इथपर्यंत तो स्वतःहून आला. दर रविवारी सराव पेपर सोडवून त्याचा फोटो मला पाठवतो. परवाच्यात ७८ सोडवलेत, २१ चूक. मी अजून कट ऑफच्या जवळ आलाय वगैरे काही म्हटलेलं नाही, कारण घरी बसून सोडवलेला पेपर आणि हॉलमधला पेपर यात फरक असतो, तेही त्याला सांगितलंय.

काल रात्री त्याचा फोन आला. "ताई, आईला ते मार्कांचं सांगायचंय, तीन वर्षांचं, तिला वाटतं दोन-तीन मार्कांनीच जातंय. तू सांगशील?"

मी म्हटलं, सांगायचं तूच. रविवारी मी येते, शेजारी बसते.