लिथियम १.९, आणि बल्ब बरोबर होता

लिथियम हे मॅनियावरचं, म्हणजे उन्मादाच्या झटक्यांवरचं औषध. रक्तातल्या त्याच्या पातळीचा रिपोर्ट १.९, म्हणजे धोक्याइतका जास्त, आला की पहिला प्रश्न ठरलेला: रक्त कुठल्या बल्बमध्ये, म्हणजे नमुन्याच्या नळीत, घेतलं? हिरव्या झाकणाच्या बल्बमध्ये रक्त गोठू नये म्हणून बऱ्याचदा लिथियम हेपारिन असतं, त्यातल्या लिथियमनं आकडा उगाच फुगतो. दुसरा प्रश्न, शेवटची गोळी किती वाजता? नमुना गोळीनंतर १२ तासांनी घ्यायचा असतो. लॅबच्या फॉर्मवर ही वेळ लिहायला साधा रकाना नाही. मागून मागून थकलो.

म्हणून त्या १९ वर्षांच्या मुलाचा रिपोर्ट बघून रेसिडेंट म्हणाला, "सर, बल्बचाच घोळ असणार." लॅबला विचारलं. लाल झाकण, म्हणजे हेपारिन नाही; वेळही बरोबर. तेवढ्यात आई म्हणाली, "अहो डॉक्टर, काल यानं कप दोन्ही हातांनी धरला, तरी चहा बशीत सांडला." हात पुढे करायला लावले. लिथियमवर बारीक थरथर अनेकांना असते. ही जाड, झटके देणारी होती. टाचेला बोटं लावून चालवलं, तोल गेला. दोन दिवस जुलाबही होते.

गोळ्या चोख चालू होत्या, रात्री ९०० मिग्रॅ. आधीचा आकडा ०.८. मग बिघडलं कुठे? ढोलपथकाच्या सरावात. रोज घामाघूम, आणि खांदा दुखतो म्हणून मेडिकलवाल्याने दिलेली डायक्लोफेनॅक, दिवसातून दोनदा, आठवडाभर. अंगातलं पाणी आणि मीठ घटलं की मूत्रपिंड सोडियम राखून ठेवतं, सोबत लिथियमही. डायक्लोफेनॅकने ते बाहेर पडणं आणखी मंदावतं. तिथे पॅरासिटामॉल चाललं असतं. 'दुसरं काही औषध चालू आहे का', एवढंही काउंटरवर कुणी विचारत नाही.

लिथियम बंद, सलाइन, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, सोडियम, ईसीजी, सहा तासांनी पुन्हा लेव्हल. विषबाधेत देतात त्या कोळशाच्या पावडरीला लिथियम चिकटत नाही, तो उद्योग केला नाही. आकडा १ च्या खाली आला तरी थरथर राहिली, कारण मेंदूतून लिथियम सावकाश निघतं. हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावं लागतं, नाहीतर 'रिपोर्ट नॉर्मल, मग हात का हलतो?' म्हणून वॉर्डात भांडण.

वडिलांचं म्हणणं, ढोल कायमचा बंद. मला ते पटत नाही. वॉर्डात त्याला भेटायला आली ती पथकातलीच पोरं. सराव रात्री नऊला संपवायचा, पाणी-मीठ तोडायचं नाही, दुखलं तर पॅरासिटामॉल, उलटी-जुलाब लागले की गोळी थांबवून लगेच फोन. इथवर तो कबूल आहे. पण त्याचा मॅनिया झोप मोडल्यावरच उसळतो. विसर्जनाच्या रात्रीच्या जागरणावर आमचं अजून जमलेलं नाही.